विहीणबाईंचं शेवटचं रिटर्न

सुलभाताई,

तुमचं टॅक्स रिटर्न काल पोस्टात पडलं. सही निखिलने केली, पाकीट आपल्या नातीने, ईराने चिकटवलं आणि कॅसल हिलच्या लाल पेटीत टाकलं मी. टाकल्यावर ते नीट आत पडलं का, हे बघायला फटीत हात घालून पाहिला. बोटांपलीकडे काही जात नाही. माझ्यासारख्या बायका पूर्वीही होऊन गेल्या असणार, त्याशिवाय फट एवढी अरुंद केली नसती.

मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर काहीतरी लिहा, असं सांगणं आलंय. जन्म, शिक्षण, नोकरी, छंद हे सगळं निखिलकडून घेऊन कोणीतरी छापेलच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर लोकांनी तुम्हाला 'मनमिळाऊ' करून टाकलंय. एका गृहस्थांनी 'मितभाषी' लिहिलं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हे गृहस्थ तुमच्याशेजारी कधी जेवायला बसले नसावेत. तेव्हा त्यातलं मी काही लिहीत नाही. मी तुम्हाला त्या रिटर्नचं सांगते, कारण त्यावरून घरात जे झालं ते बघायला तुम्ही असायला हव्या होतात. तसं ठरलंच होतं आपलं.

कसं ठरलं होतं, हे इतरांना कळायचं तर माझा वेडेपणा पहिल्यापासून सांगावा लागेल. सांगते. तुम्ही होतात तोवर माझ्यावर हसायचं काम तुमच्याकडे होतं, आता ते मलाच बघायला हवं.

माझी प्राची आणि तुमचा निखिल यांचं लग्न झालं तेव्हा मी पन्नाशीच्या आतली होते. ठाणं सोडून ऑस्ट्रेलियात येऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण डोकं अजून ठाण्यातच होतं. मुलीच्या आईने काय काय करायचं असतं, ते मला तोंडपाठ होतं, आणि त्यातलं एकही सोडायचं नाही असं मी ठरवलं होतं. विहिणीचे पाय धुवायचे, म्हणून खास चांदीचं ताम्हण मागवून घेतलं. हॉलवर पोचलो, तर तिथली मॅनेजरबाई माझ्या हातातला तांब्या बघून म्हणाली, "नो वॉटर ऑन द फ्लोर, लव्ह." लाकडी जमीन. मी तिला दोन हजार वर्षांची परंपरा समजावून सांगितली. ती म्हणाली, "नो वरीज, पण पाणी नाही."

मी तेव्हा चाइल्डकेअरमध्ये नोकरी करत होते. पर्समध्ये काही असो-नसो, वेट वाइप्स असायचेच. खाली बसले, तुमचं पाऊल ताम्हणात घेतलं आणि बाळाचं पुसावं तशी तुमची दोन्ही पावलं टाच-बोटांसकट पुसून काढली. सगळीकडे लॅव्हेंडरचा वास. तुम्ही वाकून माझ्या कानात म्हणालात, "विहीणबाई, पावडर पण लावणार का?"

तुमचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, वरमाय भावुक झाली. मला वाटलं, माझा अपमान झाला. आठवडाभर मी प्राचीला फोन करून मुसमुसत होते, तिच्या हनिमूनवर. काय ध्यान होते मी!

तुमची-माझी खरी ओळख झाली ती त्याच्या पुढच्या वर्षी, आणि तीही तांदळाच्या डब्यामुळे.

मी एक चाइल्डकेअर सोडून दुसरं धरलं होतं. इथे नोकरी बदलली की सुपरचं, म्हणजे आपल्याकडच्या प्रॉव्हिडंट फंडासारखं, खातं बहुतेक वेळा नवं निघतं आणि जुनं मागे पडून राहतं. दोन्हीकडे फी कापत बसतात. म्हणून मी जुन्या खात्यातलं सगळं नव्या खात्यात वळवलं. इथे त्याला रोलओव्हर म्हणतात. इथवर मी शहाणी होते. मग जुलै आला, आणि रिटर्न भरायला बसल्यावर माझ्या मनात शंका आली. एवढी मोठी रक्कम इकडची तिकडे गेली आणि आपण सरकारला सांगितलं नाही, तर ते लपवल्यासारखं नाही का होणार? मी ती अख्खी रक्कम 'इतर उत्पन्न' म्हणून लिहून टाकली. वर एक पत्र जोडलं. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर'. वळणदार अक्षरात दोन पानं. त्यात एक परिच्छेद या देशाने मला काय दिलं यावर होता आणि एक माझ्या वडिलांच्या शिकवणुकीवर.

रिस्पेक्टेड सरांनी माझा प्रामाणिकपणा मान्य केला आणि त्यावर टॅक्स लावला.

मग तो टॅक्स भरायची नोटीस आली. ह्यांना सांगायची हिंमत होईना. घडी घालून तांदळाच्या डब्यात खोल खुपसली, आणि रोज भात करताना वरवरचे तांदूळ काढत राहिले. एका शनिवारी तुम्ही सहज म्हणून आलात. मी हॅरिस पार्कला भाजी आणायला गेले होते. ह्यांनी दार उघडलं, आणि "येईपर्यंत भात टाकून ठेवते" म्हणून तुम्ही डब्यात हात घातलात. हात घालायची पद्धत तुमची नेहमीची. कोपरापर्यंत.

मी पिशव्या घेऊन घरात आले, तर तुम्ही टेबलाशी बसलेल्या. समोर नोटीस. तिच्यावरचे चार दाणे तुम्ही फुंकून उडवलेत आणि विचारलंत, "हा कुठला तांदूळ म्हणायचा, विहीणबाई?"

मी तिथेच रडायला लागले. म्हटलं, "आता आम्हाला परत पाठवतील."

"कुठे, ठाण्याला? त्यांना तिकीट काढून द्यायची हौस आहे होय? बसा खाली. हे पैसे तुमच्या हातात आले होते?"

"नाही."

"बँकेत?"

"नाही हो. एका फंडाने दुसऱ्या फंडाला दिले."

"मग तुम्हाला मिळालं काय?"

"काहीच नाही."

"मग उत्पन्न कसलं लिहिलंत? फडताळात वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी खालच्या फळीवर ठेवली, तर घरात लोणचं वाढलं का?"

एवढंच होतं ते. थेट फंडातून फंडात गेलं, तर रिटर्नमध्ये त्याचा उल्लेखच करायचा नाही. तो मिळालेला पैसा नव्हे. मध्येच बरणी उघडून आपण आपल्या ताटात वाढून घेतलं असतं, तर वेगळं. मग फंडाकडून तसा कागद आला असता आणि नियम बघून तो दाखवावा लागला असता. तुम्ही एका हॉस्पिटलच्या पगार विभागात होतात, तुम्हाला हे रोजचं होतं. मला वाटायचं, सांगितलेलं जास्त झालं तर बिघडतं काय. तुम्ही म्हणालात, "बिघडतं. न मिळालेलं मिळालं म्हणणं हेसुद्धा खोटंच. तुमचं खोटं जरा भाबडं आहे, एवढंच."

आपण दोघींनी बसून दुरुस्तीचा अर्ज लिहिला. म्हणजे तुम्ही लिहिलात. माझ्या दोन पानांच्या पत्रावर तुमची एक ओळ. मी म्हटलं, निदान 'रिस्पेक्टेड सर' तरी घाला. तुम्ही माझ्या हातातून पेन काढून घेतलंत. पुढे टॅक्स रद्द झाला, ह्यांना काही कळलं नाही, आणि आपल्यातला तो विहिणीविहिणींचा मानपान त्या दिवशी संपला. तिथून पुढे आपण मोकळेपणाने भांडायला लागलो.

सगळ्यात जुनं भांडण तुमच्या मुलावरून.

आमच्या घरी जावई आला की माझे वडील खुर्चीवरून उठायचे. मीही उठते. हल्ली गुडघ्यांमुळे अर्धी उठते आणि तशीच थांबते, त्याने तुम्हाला फार करमणूक व्हायची. निखिल चांगलाच मुलगा आहे. लग्नाआधी मैत्रिणीची आई म्हणून काकू म्हणायचा, अजून काकूच म्हणतो. पण इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही 'नाही' म्हटलं नव्हतं. त्याने माझ्या लिंबाच्या झाडाची छाटणी केली आणि झाडाचा खुंट उरला, मी म्हटलं, छान, मोकळं वाटतं. आणि तो बार्बेक्यू! दर उन्हाळ्यात मक्याची कणसं. बाहेरून काळी, आतून शेतातल्यासारखी. मी दात सांभाळत म्हणायचे, "वा, किती रसरशीत!" तुम्ही एक घास घेऊन कणीस ताटात ठेवायचात. "निखिल, हे जनावरालाही जाणार नाही."

मग सिंकपाशी मला गाठायचात.

"तुम्ही माझ्या मुलाला घाबरता."

"घाबरत नाही. मान देते."

"तुम्ही मान देताय आणि तो कच्चं खायला घालतोय. एकदा तोंडावर सांगा त्याला, चुकतोयस म्हणून."

"तुम्ही सांगताच की."

"मी आई आहे. माझं बोलणं त्याला पंख्याच्या आवाजासारखं झालंय, चालू आहे हेसुद्धा कळत नाही. तुमचं ऐकेल."

"माझ्याने नाही व्हायचं."

"होईल. आणि मी साक्षीला बसणार. खुर्ची घेऊन, चहा घेऊन बसणार."

तेव्हापासून ती आपली खूणच झाली. निखिल काहीतरी अचाट बोलला, मी "हो ना" म्हटलं, की टेबलाच्या पलीकडून तुम्ही कप उचलायचात. एक भुवई वर. म्हणजे, आज? मी मान हलवायचे. आज नाही. कप खाली. वर्षानुवर्षं हे चाललं आणि प्राचीला वाटायचं, सासूबाईंना चहा फार आवडतो.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला तुम्ही तुमची सुपरची खाती एक करायला काढलीत. हॉस्पिटलच्या वेळचं जुनं एक, आणि ड्युरलच्या रोपांच्या नर्सरीत तुम्ही हिशेब बघायला जायचात तिथलं एक. या वयात नोकरी कशाला म्हटलं, की म्हणायचात, "तिथे झाडं आहेत. तब्येत कशी आहे म्हणून विचारत नाहीत." तर लॅपटॉप उघडून तुम्ही बसलात, शेजारी मी चकल्या पाडत होते, आणि मी माझ्या जुन्या खोडीप्रमाणे मध्येच बोलले.

"आता कशाला हलवाहलव? आहे ते असू दे की दोन ठिकाणी."

"दोन ठिकाणी असलं की निखिलला दोन ठिकाणी फोन करावे लागतील."

"कशाबद्दल?"

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत.

मी म्हटलं, "सणासुदीचं काय बोलता!" आणि एक गरम चकली तुमच्या पुढ्यात आदळली. तुम्ही ती मोडलीत, खाल्लीत, आणि म्हणालात, "मोहन जास्त झालंय." मग बटण दाबलंत. "झालं. बरणी खालच्या फळीवर आली."

तुम्हाला पुढे बोलायचं होतं, सुलभाताई. मला कळत होतं. मला चकलीचं निमित्त मिळालं आणि मी ते धरून बसले. तुम्हीही मोहनावर बोलून मला सोडवलंत. आता वाटतं, दोन मिनिटं चकल्या जळल्या असत्या तर काय बिघडलं असतं. विचारायला हवं होतं, काय वाटतंय तुम्हाला? भीती वाटते का? तुम्ही बहुधा म्हणाला असतात, "वाटते, पण तुमच्या चकल्यांची." तरी विचारायला हवं होतं.

जूनमध्ये तुम्ही गेलात. ते मी लिहीत नाही. तुम्ही तिथे होतात, तुम्हाला माहीत आहे.

माणूस गेल्यावर त्याचंही त्या वर्षाचं रिटर्न भरावं लागतं. नर्सरीचा पगार होता, त्यातून टॅक्स कापलेला होता, तेव्हा तुमचं होतंच. आणि ते घरच्यांना नेहमीसारखं ऑनलाइन भरता येत नाही. कागदावर भरा, नाहीतर अकाउंटंटकडे द्या. प्राची म्हणाली, देऊन टाकू. निखिल म्हणाला, "आईचं मीच भरणार." त्याच्या आवाजावरून प्राचीने अकाउंटंटचा विषय सोडून दिला.

रविवारी सगळे टेबलाशी बसलो. तुमच्या खुर्चीवर अजून कोणी बसत नाही. ईराने तिची युनिव्हर्सिटीची बॅग तिथे ठेवलीय, रिकामी दिसू नये म्हणून. निखिलने पहिल्या पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'डिसीस्ड इस्टेट'. तसं लिहावं लागतं. मग नाव, पत्ता. मग एक प्रश्न येतो: तुम्हाला यापुढे ऑस्ट्रेलियात रिटर्न भरावं लागेल का? उत्तरं तीन. हो, माहीत नाही, नाही.

तिथे त्याचं पेन थांबलं.

ईरा हळूच म्हणाली, "बाबा, जस्ट से नो."

"हो गं," तो म्हणाला, आणि लिहीना.

मी चहा करायला उठले. कप घेऊन परत आले तेव्हा 'नाही'वर फुली पडलेली होती. कोणी मारली, मी विचारलं नाही.

पुढचं भराभर झालं. पगार, बँकेचं व्याज. मग त्याने जुन्या फंडाकडून आलेला कागद पुढे ओढला. खात्यातून एवढी रक्कम बाहेर गेली, खातं बंद. तो म्हणाला, "ही सुपरच्या लम्पसममध्ये, एकरकमी मिळालेल्या पैशांत, दाखवतो."

प्राची सिंकपाशी होती. म्हणाली, "दाखवायची असते का?"

"असेल किंवा नसेल. जास्त दाखवलेलं बरं. टॅक्स लागला तर लागू दे, भरून टाकू. आईच्या शेवटच्या रिटर्नमध्ये काही लपवलं असं कोणाला वाटायला नको. तिचं नाव स्वच्छ राहिलं पाहिजे."

सुलभाताई, शब्दन् शब्द माझा. फक्त 'रिस्पेक्टेड सर' तेवढं राहिलं होतं. समोर तो पन्नाशीकडे झुकलेला, न झोपलेला माणूस, आईसाठी करायचं आता काहीच उरलं नाही म्हणून तिच्या नावाने निदान टॅक्स तरी भरू द्या म्हणणारा. आणि तो लिहिणार होता ते तुमच्या नावावर चुकीचं लागलं असतं. न मिळालेलं मिळालं म्हणून. एकेकाळी माझ्या हातातून पेन काढून घेणाऱ्या तुमच्या नावावर.

मी उठले. जावयाशी बोलायचं म्हणजे आपोआपच उठले, अर्धी. तोंड उघडलं.

"निखिल," मी म्हटलं, "चहा गार होतोय."

तुम्ही असतात तर कप डोक्याच्याही वर उचलला असतात.

त्याने पहिला आकडा लिहायला पेन टेकवलं. तेव्हा मात्र मी पूर्ण उठले, आणि हात पुढे करून त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"चुकतोयस तू."

प्राचीने नळ बंद केला. ईराने गाणी ऐकायचं कानातलं ते एक बोंडूक काढलं.

"काकू, मी फक्त सेफ साइडला..."

"सेफ नाही, चूक आहे ती. हे पैसे तुझ्या आईच्या हातात आले नाहीत. एका फंडातून थेट दुसऱ्यात गेले, मी शेजारी होते. ते रिटर्नमध्ये लिहायचे नसतात. सगळा जन्म त्यांनी या कागदावर एक आकडा चुकीचा लिहिला नाही, आणि शेवटचा कागद तू त्यांच्या नावाने चुकीचा पाठवणार? याने नाव स्वच्छ राहतं?"

माझा आवाज वर गेला होता. मला तो ओळखीचा वाटला, पण माझा नाही वाटला.

ईरा लॅपटॉपवर बघत होती. "बाबा, शी'ज राइट. टॅक्स ऑफिसच्या साइटवरच आहे. रोलओव्हर डिक्लेअर करायचा नाही. अँड आजी वॉज वे ओव्हर सिक्स्टी, तिने कॅश काढली असती तरी तिच्यासारख्या फंडातून टॅक्स-फ्रीच असती." तिने स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. तुमचा मुलगा इंजिनियर, त्याने ते वरून खाली वाचलं आणि मग पुन्हा वरून खाली वाचलं.

मग म्हणाला, "पण मला एक कळत नाही. आईने आता, या वयात, हे केलं कशाला? इकडचं उचलून तिकडे?"

प्रश्न मला नव्हता, पण उत्तर माझ्याकडेच होतं.

"तुला दोन ठिकाणी फोन करावे लागू नयेत म्हणून. माझ्यासमोर म्हणाल्या त्या. दिवाळीत."

त्याने तो कागद पुन्हा जवळ ओढला. "एकच फोन केला मी," तो म्हणाला. "त्या फंडाला. गाणं लावून अर्धी दुपार होल्डवर ठेवलं त्यांनी. मी चिडलो होतो. आणि मग यादीत दुसरा नंबर नव्हताच." एवढं बोलून त्याने टेबलावर डोकं ठेवलं आणि तो रडला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, सुलभाताई. लोकांना भेटत होता, फोन घेत होता, खुर्च्या लावत होता, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघून आत काय चाललंय याचा अंदाज करत होतो. प्राची ओल्या हातांनीच आली. मी हातात पेन घेऊन उभी. बसावं की नाही, कळेना.

नाक पुसून तो म्हणाला, "काकू, तुम्ही मला कधी चुकतोयस म्हणाला नव्हतात."

"म्हणायला हवं होतं. मका कच्चा होता."

"कुठला मका?"

"सगळाच. दर वेळचा."

तो हसायला लागला. हसता हसता पुन्हा रडला आणि पुन्हा हसला. ईरा म्हणाली, "फायनली, समवन सेड इट," आणि लिंबाच्या झाडाचा विषयही काढला. मी तो लांबवला नाही. एका दिवसात किती खडसावायचं.

लम्पसमची चौकट कोरी ठेवली. तो जुन्या फंडाचा कागद फॉर्मला जोडायचा नसतो, म्हणून आपल्याजवळ जपून फायलीत लावला.

मग चहा पुन्हा गरम करून मी त्यांना तांदळाच्या डब्याची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं, 'हो, माहीत आहे' म्हणतील. एवढी चटकदार गोष्ट, तुमच्या जिभेवर, इतकी वर्षं. निखिलला माहीत नव्हती. प्राचीलाही नाही. ईराने तर मला तीनदा थांबवून विचारलं, "वेट, आजीने कधीच सांगितलं नाही? आजीने?" नाही सांगितलं. माझ्या चकल्यांचं मोहन तुम्ही सगळ्या कॅसल हिलला सांगितलंत, लॅव्हेंडरच्या पायांचं तर मुंजी-बारशांतून सांगितलंत, आणि ज्या दिवशी मी खरी घाबरले होते, तो दिवस कोणाला दिला नाहीत. मला दाखवलंदेखील नाहीत, की मी हे ठेवून घेतलंय म्हणून. मी आभार कधी मानले नव्हते. मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "कशाबद्दल? भाताबद्दल?"

ग्रुपवर 'मितभाषी' लिहिणाऱ्या त्या गृहस्थांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

तर असं झालं. काल पाकीट बंद करायच्या आधी मी निखिलला म्हटलं, थांब जरा, आणि फॉर्मचं शेवटचं पान पुन्हा बघितलं. चष्मा लावून, पाठपोट. सही करणाऱ्याची ओळ आहे. तारखेची आहे. साक्षीदाराच्या सहीला त्या लोकांनी कुठे जागाच ठेवलेली नाही.

तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. खडसावलं हो, तुमच्या मुलाला.